झेंडी पडायच्या आत

2008 साली इंटरनेट चेस क्लबवर एक विचित्र डाव झाला. पांढरे मोहरे होते रिब्का या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संगणक-प्रोग्रामकडे आणि काळे मोहरे विशीतल्या हिकारू नाकामुरा या अमेरिकन ग्रँडमास्टरकडे. दोघांच्याही घड्याळात तीन मिनिटे. नाकामुराने प्याद्यांची तटबंदी करून पट पुरता बंद केला, हत्ती देऊन हलके मोहरे घेतले आणि मग तो नुसते मोहरे मागेपुढे करत बसला. प्रोग्रामच्या हिशेबाने प्रोग्रामच पुढे होता. पण बुद्धिबळात पन्नास चालींचा नियम आहे: दोन्ही बाजूंच्या पन्नास चालींत एकही प्यादे हलले नाही आणि एकही मोहरा मारला गेला नाही, तर डाव बरोबरीत सोडवता येतो. आपण जिंकतो आहोत अशी खात्री असलेल्या यंत्राला बरोबरी परवडेना. ती टाळण्यासाठी रिब्काने आपणहून एक प्यादे पुढे ढकलले आणि तटबंदीला खिंडार पडले. नाकामुरा आत घुसला. एवढ्यावर न थांबता, शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्यांचे वजीर करण्याऐवजी त्याने उंट केले आणि प्रोग्रामवर मात केली.

या डावात अडीचशेहून जास्त चाली झाल्या. तीन मिनिटे म्हणजे 180 सेकंद. म्हणजे चालीमागे पुरता एक सेकंदही नाही. लाकडी पटावर मोहरा उचलून ठेवायचा आणि घड्याळ दाबायचे, एवढे करायलाच याहून जास्त वेळ जातो. हा डाव फक्त पडद्यावरच होऊ शकत होता आणि तो खेळणारा माणूसही पडद्यावरच घडलेला होता. बुद्धिबळाचे नियम गेल्या दीडशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत. बदलत गेले ते घड्याळ. ते बदलले की कुठला खेळाडू भारी, याचे उत्तरही बदलत गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घड्याळच नव्हते. 1851 साली लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा विचार करायला मर्यादा नव्हती. समोरचा उठत नाही, चाल करत नाही, आणि आपण ताटकळत बसायचे. इंग्रज खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टनने प्रतिस्पर्ध्यांच्या या संथपणावर उघड आगपाखड केली होती. 1861 मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे आली: चोवीस चालींसाठी दोन तास. 1883 च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सनने रचलेले जोडघड्याळ वापरले गेले. एका दांडीवर दोन घड्याळे. एक चालू झाले की दुसरे आपोआप थांबायचे. पुढे तबकडीवर छोटी झेंडी आली. मिनिटकाटा तिला उचलत नेतो आणि वेळ संपताच ती खाली पडते. आजच्या घड्याळात झेंडी उरलेली नाही, पण वेळ संपला की खेळाडू अजूनही ‘फ्लॅग पडला’ असेच म्हणतात.

ही सगळी खटपट संथ खेळाडूला हाकण्यासाठी होती. झटपट खेळण्याची हौस वेगळीच, आणि ती कॅफेंमध्ये वाढली. पॅरिसचे कॅफे द ला रेजांस, लंडनचे सिम्प्सन्स दिवान, व्हिएन्नाची कॉफीगृहे या ठिकाणी कॉफीबरोबर पट मिळायचा आणि पैसे लावून डावामागून डाव चालायचे. न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये घड्याळाला फाटा देऊन दर दहा सेकंदांनी घंटा वाजवायची रीत होती. घंटा झाली की चाल केलीच पाहिजे. तिथे क्यूबाच्या कापाब्लांकाचा दबदबा होता. त्याला हिशेब मांडताना कुणी बघितलेच नाही, असे वाटावे इतक्या सहज तो खेळायचा.

तरीही प्रतिष्ठितांच्या लेखी हा फावल्या वेळातला चाळा होता. सोव्हिएत बुद्धिबळाचा कुलगुरू मानला जाणारा मिखाइल बोत्विनिक तर त्याकडे ढुंकूनही बघत नसे; आपण शेवटचा ब्लिट्झ, म्हणजे झटपट, डाव 1929 साली आगगाडीत खेळलो, असे तो सांगायचा म्हणतात. बोत्विनिकचा हा तिटकारा अगदीच निराधार नव्हता. पाच मिनिटांत खोल विचार होत नाही. हाताला जे येते तेच माणूस खेळतो. पण हाताला काय येते, हाच तर प्रश्न आहे.

त्याचे उत्तर 1970 च्या एप्रिलमध्ये युगोस्लाव्हियातल्या हर्सेग नोवी या समुद्रकाठच्या गावात मिळाले. बेलग्रेडला ‘सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग’ हा सामना नुकताच संपला होता. त्यातली बरीच मंडळी पाच मिनिटांच्या स्पर्धेसाठी इथे आली: ताल, पेत्रोस्यान, स्मिस्लोव हे तीन माजी विश्वविजेते, शिवाय कोर्चनोय आणि ब्रॉन्स्टाइन. बारा खेळाडू, प्रत्येकाशी दोन डाव. सोव्हिएत खेळाडूंना ब्लिट्झचा दांडगा सराव, तेव्हा अमेरिकेच्या बॉबी फिशरचे इथे काही चालणार नाही असाच अंदाज होता. फिशरने 22 पैकी 19 गुण मिळवले. दुसऱ्या आलेल्या तालचे साडेचौदा. बावीस डावांत फिशर हरला फक्त एक, तोही कोर्चनोयकडून. स्पर्धा संपल्यावर त्याने आपले डाव पहिल्या चालीपासून धडाधड आठवून सांगितले. फिशरच्या हाताला जे येत होते ते हजारो डावांच्या अभ्यासातून आलेले होते. वेगाने त्याचा खेळ उथळ झाला नाही. मुरलेले तेवढे वर आले.

पुढे 1988 मध्ये कॅनडातल्या सेंट जॉनला जागतिक ब्लिट्झ स्पर्धा झाली. विश्वविजेता कास्पारोव्ह उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला आणि जिंकला तो 51 वर्षांचा, प्रकृतीने खंगलेला मिखाइल ताल.

याच तालच्या नावाचा एक क्लब मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात होता. तिथे विश्वनाथन आनंद नावाचा शाळकरी मुलगा यायचा. पट कमी आणि खेळणारे जास्त, त्यामुळे जो हरेल त्याने उठायचे आणि जिंकेल त्याने बसून राहायचे असा रिवाज. उठायचे नसेल तर पटकन आणि बरोबर खेळायला शिकणे भाग होते. ती सवय आनंदला इतकी लागली की मोठ्या स्पर्धांतले तासन्‌तास चालणारे डावही तो अर्ध्या तासात उरकायचा. ‘लाइटनिंग किड’ हे नाव तेव्हाच पडले. 1988 मध्ये तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. जर्मनीतल्या माइन्झची जलद स्पर्धा त्याने अकरा वेळा जिंकली आणि 2017 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, रियाधला जागतिक रॅपिड विजेतेपद पटकावले. आनंद हा लाकडी पटाच्या, दाबायच्या घड्याळाच्या ब्लिट्झचा बहुधा शेवटचा मोठा वारस.

कारण तोवर घड्याळ दोनदा बदलून गेले होते. पहिला बदल खुद्द फिशरने केला. प्रत्येक चालीमागे काही सेकंद भर घालणाऱ्या घड्याळाच्या पेटंटसाठी त्याने 1988 मध्ये अर्ज केला आणि 1992 मध्ये जुना प्रतिस्पर्धी स्पास्की याच्याविरुद्धच्या पुनर्सामन्यात ते वापरले. जिंकत आलेला डाव केवळ हात पुरला नाही म्हणून हरावा लागू नये, हा त्यामागचा उद्देश. आज जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत तीन मिनिटे आणि चालीमागे दोन सेकंद असतात ते याच कल्पनेमुळे.

दुसरा बदल 1992 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातून झाला. तिथे इंटरनेट चेस सर्व्हर नावाचा एक प्रोग्राम सुरू झाला. टेलनेटने जोडून घ्यायचे, पडद्यावर अक्षरांनी आणि रेघांनी काढलेला पट दिसायचा, चाल टंकून पाठवायची. अडचण अशी की घड्याळ दूरच्या सर्व्हरवर चालायचे. चाल तारेतून जायला दोन सेकंद लागले तर ते खेळाडूच्या खात्यावर पडत. विचार झटपट, पण लाइन मंद; हरला कोण? ज्याची लाइन मंद तो. कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक डॅनियल स्लेटर यांनी यावर ‘टाइमस्टँप’ हा उपाय काढला: खेळाडूने खरोखर किती वेळ घेतला हे त्याच्याच संगणकावर मोजायचे आणि प्रवासाचा वेळ वगळायचा. आता एक मिनिटाचा डावही न्यायाने खेळता येऊ लागला. 1995 मध्ये स्लेटर यांनी याच सर्व्हरचा इंटरनेट चेस क्लब केला आणि वर्गणी लावली. फुकटात राबलेले स्वयंसेवक चिडले आणि त्यांनी त्याच वर्षी मोफत सर्व्हर उभा केला. पैसे घेणारा आणि न घेणारा अशी ही फूट पुढे 2007 च्या चेस डॉट कॉम आणि 2010 च्या लीचेस या संकेतस्थळांपर्यंत चालत आली.

या नव्या घड्याळाखाली जी मुले वाढली त्यांत नाकामुरा सर्वांत पुढे. 9 डिसेंबर 1987 ला जपानमध्ये ओसाकाजवळच्या हिराकाता इथे त्याचा जन्म झाला. दोन वर्षांचा असताना तो अमेरिकेत आला. सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे मूळचे श्रीलंकेचे, नावाजलेले बुद्धिबळ प्रशिक्षक; घरात पट होताच. 2003 मध्ये, पंधराव्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला आणि सर्वांत कमी वयाच्या अमेरिकन ग्रँडमास्टरचा फिशरचा विक्रम त्याने मोडला. तोवर इंटरनेट चेस क्लबवर त्याचे ‘स्मॉलव्हिल’ हे टोपणनाव दरारा बसवून होते. एक मिनिटाच्या डावांत त्याच्यासमोर बसणे म्हणजे हार पत्करणेच, असे भलेभले धरून चालत.

त्याच्या खेळाची पहिली खूण म्हणजे सुरुवातीच्या चालींबद्दलची बेफिकिरी. 2005 मध्ये कोपनहेगन-माल्मोच्या स्पर्धेत चेन्नईच्या कृष्णन शशिकिरणविरुद्ध त्याने दुसऱ्याच चालीला वजीर पटाच्या कडेला नेला. शिकाऊ पोरे चार चालींत मात करायला हीच चाल करतात आणि मास्तर त्यांना रागावतात. डाव शशिकिरणनेच जिंकला. पण ऑनलाइन तीन मिनिटांत हाच खाक्या वसूल होतो. पहिल्याच चालीला वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे सारणे ही नाकामुराची आवडती चाल. तिच्यातून फारसे काही हाती लागत नाही, पण प्रतिस्पर्ध्याने घोकलेले सगळे पाठांतर तिथेच निकामी होते. त्याला विचार करावा लागतो आणि तेवढ्यात त्याची वीस सेकंदे जातात. नाकामुराची तीन.

दुसरी खूण चिवटपणाची. आक्रमक खेळाडू म्हणून त्याचे नाव झाले ते 2007 च्या बार्सिलोना स्पर्धेत ग्रँडमास्टर क्रासेन्कोव्हविरुद्ध वजीर देऊन राजाला उघड्यावर खेचून आणले त्या डावासारख्या खेळींमुळे. पण ऑनलाइन त्याचे बहुतेक गुण येतात ते कंटाळवाण्या स्थितींतून. दोघांकडे एकेक हत्ती आणि चारचार प्यादी. पुस्तक म्हणते बरोबरी. मोठ्या स्पर्धेत इथे हस्तांदोलन होते. नाकामुरा इथून खेळायला लागतो. दर चालीला एक बारीकसा प्रश्न टाकायचा, उत्तर चुकले तर ठीक, न चुकले तर दुसरा प्रश्न. आपली बाजू पडती असली तरी तो खचत नाही. जिंकायला सर्वांत अवघड पडेल अशी मांडणी शोधून तो समोरच्याचे घड्याळ खात बसतो.

तिसरी खूण हाताची, आणि ती जवळून बघण्यासारखी आहे. ऑनलाइन खेळात ‘प्रीमूव्ह’ नावाची सोय असते. प्रतिस्पर्धी विचार करत असतानाच आपली पुढची चाल आधी लावून ठेवायची. त्याने चाल केली की आपली लगेच होते. लीचेसवर तिला वेळच लागत नाही, चेस डॉट कॉमवर सेकंदाचा दहावा भाग जातो. लीचेसवर अशी एकच चाल लावता येते, चेस डॉट कॉमवर कितीही ओळीने. समजा घड्याळात दोन सेकंद उरली आहेत आणि प्यादे वजीर व्हायला चार घरे बाकी आहेत. प्यादे अडवायला समोर कुणी नसेल, तर चारही चाली आधीच लावून सेकंदाच्या आत वजीर पटावर येतो. पण यात धोकाही आहे. आपला उंट मारला जाणार असे धरून परत मारायची चाल लावून ठेवली आणि समोरच्याने उंट न मारता शह दिला, तर लावलेली चाल रद्द होते आणि घड्याळ पळू लागते. त्याहून वाईट म्हणजे त्याने भलतीच चाल केली आणि आपली लावलेली चाल नियमात बसली, तर आपला वजीर आपल्याच हाताने फुकट जातो. म्हणजे बुलेट, अर्थात एक मिनिटाचे डाव, खेळणाऱ्याला पटावरची सर्वोत्तम चाल जेवढी ठाऊक हवी, तेवढाच समोरच्या माणसाचा अंदाजही हवा. नाकामुराने या कलेवर विशीतच, 2009 मध्ये, ब्रूस हार्परबरोबर एक अख्खे पुस्तकही लिहिले. रिब्काविरुद्धचा तो डाव याच प्रीमूव्हच्या जोरावर तीन मिनिटांत बसला होता.

एवढे असूनही तो अजिंक्य नव्हता. चेस डॉट कॉमच्या 2016 आणि 2017 च्या वेगवान सामन्यांच्या अंतिम फेरीत विश्वविजेत्या मॅग्नस कार्लसनने त्याला हरवले. 2017 चा निकाल तर 18-9 असा एकतर्फी होता. सामन्याची रचना मोठी दमछाक करणारी: दीड तास पाच मिनिटांचे डाव, मग तासभर तीन मिनिटांचे, शेवटी अर्धा तास एक मिनिटाचे, आणि तिन्हींत चालीमागे थोडी भर. त्यानंतर 2018 ते 2022 ही स्पर्धा नाकामुराने सलग पाच वेळा जिंकली. 2022 च्या अंतिम फेरीत समोर कार्लसनच होता आणि निकाल लागला साडेचौदा विरुद्ध साडेतेरा. पुढच्या वर्षी कार्लसनने परतफेड केली. दोघांतला फरक जाणकार असा सांगतात: कार्लसन स्थिती चांगली करत नेतो आणि वेळ आपोआप पुरतो, नाकामुरा वेळ हाच एक मोहरा धरून खेळतो.

2020 च्या टाळेबंदीत सगळ्या स्पर्धा पडद्यावर आल्या आणि आजवर दुय्यम मानला गेलेला हा खेळ एकदम मुख्य झाला. खेळता खेळता बडबड करणाऱ्या नाकामुराचे ट्विचवरचे प्रक्षेपण लाखो लोक बघू लागले; त्या ऑगस्टमध्ये ई-स्पोर्ट्सच्या टीएसएम या संस्थेने त्याला करारबद्ध केले. त्याच महिन्यात कार्लसनविरुद्धचा एका ऑनलाइन स्पर्धामालिकेचा त्याचा अंतिम सामना सात दिवस आणि 38 डाव चालला आणि अखेर आर्मागेडन नावाच्या निर्णायक डावावर तुटला. मार्च 2021 मध्ये याच दोघांनी दुसऱ्या चालीला राजे पुढे काढून सहा चालींत बरोबरी केली, तेव्हा जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावला.

नव्या घड्याळाचा फटका काय असतो ते भारताने 30 ऑगस्ट 2020 ला अनुभवले. ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. सामना ऐन रंगात असताना जगभर इंटरनेटचा मोठा बिघाड झाला आणि त्रिशूरचा निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली. पटावर दोघे होते तसेच, पण घड्याळ चालू राहिले आणि वेळ संपला. भारताने दाद मागितली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. स्लेटर यांच्या टाइमस्टँपने तारेतल्या उशिराचा हिशेब लावला होता. तारच तुटली तर काय, याचा निर्णय मात्र माणसांना बसून करावा लागला.

ऑनलाइन खेळाने सखोल बुद्धिबळ बिघडते, हा बोत्विनिकछाप आक्षेप नाकामुराने स्वतःच मोडीत काढला. 2019 नंतर दोन वर्षांहून जास्त काळ तो दीर्घ पद्धतीचा एकही अधिकृत डाव खेळला नव्हता. 2022 मध्ये थेट बर्लिनच्या ग्रां प्रीमध्ये उतरला, ती जिंकली आणि विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कॅन्डिडेट्स स्पर्धेत पोचला. दिव्या देशमुखचाही वेगवान खेळ मोठ्या स्पर्धेत कामी आला. जुलै 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीबरोबरचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर गेला. हम्पी दोनदा जागतिक रॅपिड विजेती. एकोणीस वर्षांच्या दिव्याने तिला तिथेच हरवले आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला.

त्यानंतर काही दिवसांतच रियाधला ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळाचा पहिल्यांदा समावेश झाला. खेळाडू मंचावर समोरासमोर बसले, पण कानांवर हेडफोन, हातात माऊस आणि पुढे पडदा. वेळ प्रत्येकी दहा मिनिटे, आणि फिशरने आणलेली वाढीव सेकंदे प्रेक्षकांना थरार हवा म्हणून काढून टाकलेली. झेंडी पडली की डाव गेला. कार्लसन पहिला आला, अलिरेझा फिरूझा दुसरा, आणि तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात भारताच्या अर्जुन एरिगैसीला 37 वर्षांच्या नाकामुराने हरवले.